चुकलेली नाणी आणि चेपलेली नाणी

नाण्याच्या अंगावर दोष येण्याच्या जागा दोन. एक टांकसाळीच्या फाटकाच्या आत, दुसरी बाहेर. आत झालेल्या दोषाला संग्राहक ‘मिंट एरर’ म्हणतात आणि त्यासाठी दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. बाहेर झालेल्याला ‘डॅमेज’ म्हणतात आणि त्यासाठी काहीच मोजत नाहीत. वाणीसुद्धा असे नाणे दोनदा उलटसुलट करून ‘दुसरं बघा’ म्हणतो. दोहोंतला फरक ओळखणे हे तसे सोपे काम आहे. ते अवघड होते एकाच कारणाने: वेडेवाकडे नाणे ज्याच्या डब्यात सापडते, त्याच्या मनात निकाल तपासणीच्या आधीच लागलेला असतो.

टांकसाळीला चूक करण्याचे मार्ग मोजकेच, कारण नाणे घडण्याच्या पायऱ्या मोजक्या. पत्र्याच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, मग कड दाबून किंचित उचलून घेतात. अशी तयार चकती पोलादी कड्यात, दोन ठशांच्या मधे बसते आणि तिच्यावर कित्येक टनांचा दाब पडतो. छाप, काटा आणि कडेच्या रेघा एकदमच उमटतात. पुढे मोजणी आणि पिशव्या. नाण्यावर दिसणारा चमत्कार यांपैकी एखाद्या पायरीवर घडू शकतो का, एवढेच विचारायचे असते. घडू शकत नसेल तर तो चमत्कार नंतरचा, आणि बहुधा हातोडीचा.

मात्र त्याआधी एक मोठा गट बाजूला काढावा लागतो. ही नाणी आत बिघडलेली नसतात आणि बाहेरही नाही. ती जशी असायला हवीत तशीच असतात, आणि मालकाला ते माहीत नसते. भारतातल्या चार टांकसाळी सालाखाली आपापली खूण टाकतात: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकाता काहीच टाकत नाही. परिणामी नोएडाच्या नाण्यावर ‘धातूचा जास्तीचा थेंब’ सापडतो आणि कोलकात्याच्या नाण्यावर ‘खूण टाकायची राहून गेली’ असा शोध लागतो. दोन्ही नाणी देशात कोट्यवधींनी आहेत. 1985 च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी एच हे अक्षर आहे. देशी टांकसाळींना मागणी पुरी करता येईना, तेव्हा नाणी परदेशांतूनही पाडून आणली गेली. हे अक्षर बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्याचे. त्याचा अर्थ हिंदुस्थान, हिरा किंवा हमखास लखपती असा लावण्याचे कारण नाही.

दहाच्या नाण्यांची गोष्ट याच्या उलट. त्यांच्या वेगवेगळ्या नक्षी बघून लोकांनी त्यांना एरर नव्हे, थेट खोटेच ठरवले. काहींवर पंधरा किरण, काहींवर दहा, काहींवर रुपयाचे चिन्ह, काहींवर नाही. शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की दहाच्या नाण्याच्या चौदा नक्षी आहेत आणि चौदाही चलनात आहेत. तरीही काही गावांतल्या पानपट्टीवर हा निर्णय अद्याप विचाराधीन आहे.

अमेरिकेहून आलेल्या भाच्याने दिलेले क्वार्टर नाणेही याच गटातले. भारतीय नाणे पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवले की दोन्ही बाजू सरळ दिसतात. अमेरिकी नाणे तसे फिरवले की मागची बाजू डोक्यावर उभी राहते, कारण तिथली रीतच तशी आहे. मामांना ठशाची फिरलेली जोडी सापडल्याचा आनंद होतो आणि तो भाच्याच्या परतीच्या विमानापर्यंत टिकतो. हाच दोष भारतीय नाण्यावर दिसला तर मात्र तो खरा, कारण ठसा यंत्रात ढिला पडून फिरला असेल तरच तसे होते. एकसंध नाण्याची एक बाजू घरी फिरवण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांना तर हे नियम लावूच नयेत. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ दोन ओळींत असते. निदान ठशावर असते. ठसा चकतीहून मोठा, चकती ओबडधोबड आणि घाव कारागिराच्या त्या दिवशीच्या तब्येतीनुसार, त्यामुळे नाण्यावर त्यातले जमेल तेवढे उतरते. छाप मध्यापासून सरकलेला असणे हीच तिथली रीत. आज अर्धा ‘राजा’ गायब झालेली शिवराई ‘ऑफ सेंटर एरर’ म्हणून विकायला ठेवलेली दिसते, आणि खरी जास्त किंमत येते ती जिच्यावर सगळी अक्षरे बसली आहेत तिला. चांदीच्या जुन्या रुपयांवरचे छोटे छोटे ठोकेही टांकसाळीचे नव्हेत. चांदी अस्सल आहे का हे पाहायला सराफांनी मारलेल्या त्या खुणा. एका रुपयावर कधीकधी सात-आठ सापडतात, म्हणजे प्रत्येक सराफाचा आधीच्या सराफावर अजिबात विश्वास नव्हता.

आता खऱ्या चुका, पायरीवार. पहिली चकती कापतानाची. लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी सरकली की पुरीला चंद्रकोरीसारखा घास पडतो. पत्रा नीट पुढे सरकला नाही तर चकतीचेही तेच होते. या ‘क्लिप’ नाण्यांची ओळख गमतीदार आहे, कारण पुरावा घासाच्या जागी नसून बरोबर समोर असतो. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला घास असेल तर दाबायला तिथे काही नसते, म्हणून समोरची कडही कच्ची राहते. घरी कानस चालवणारा माणूस घास झकास पाडतो, पण समोरची कड कच्ची करायचे त्याला सुचत नाही. शिवाय खऱ्या नाण्यात घासाजवळची अक्षरे धातू त्या बाजूला ओढला गेल्याने जराशी पसरट आणि ओघळल्यासारखी होतात; कानशीच्या नाण्यात अक्षर पूर्ण जोमात येते आणि घासाच्या काठावर तुटते.

चकती चुकीचीही असू शकते. दोन रुपयांच्या ठशाखाली एका रुपयाची चकती गेली तर छाप कडेने कापला जातो आणि वजन एका रुपयाचेच राहते. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा आणि दोन रुपये 4.85 ग्रॅमचे, त्यामुळे सराफी काटा एका क्षणात निकाल देतो. घासून लहान केलेल्या दोन रुपयांचे वजन नेमके 3.79 भरेपर्यंत घासत बसणे तत्त्वतः शक्य आहे. एवढी चिकाटी असलेली माणसे बहुधा दुसऱ्या व्यवसायात यशस्वी झालेली असतात.

सगळ्यात उपयोगाचा नियम ठशाच्या पायरीवर मिळतो. ठसा म्हणजे नाण्याची उलटी बाजू. ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. म्हणून ठशाला तडा गेला की त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक नाण्यावर उंचावलेली रेघ येते, आणि ठशाचा तुकडा उडाला की कडेला धातूचा टेंगूळ येतो. नाण्याला बाहेर ओरखडा पडला तर तो मात्र खोलच जातो. अशोकस्तंभाच्या सिंहाच्या मानेवरून गेलेली रेघ बोटाला उंच लागली तर ती टांकसाळीची, नख अडकले तर ती चाव्यांच्या जुडग्याची. हा एवढा नियम पाळला तरी घरोघरी सापडणारी निम्मी दुर्मीळ नाणी पुन्हा चिल्लर होतात, आणि म्हणूनच तो फारसा पाळला जात नाही.

वंगण आणि धूळ ठशाच्या खोबणीत साचली की एखादा आकडा अर्धवट उमटतो किंवा उमटतच नाही. इथे नक्कल करणाऱ्यांना मोठे कुरण आहे, कारण काहीतरी नाहीसे करणे हे काहीतरी निर्माण करण्यापेक्षा केव्हाही सोपे. नक्षी नाहीशी होण्याचे जगात गाजलेले उदाहरण अमेरिकेचे. 1937 साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटांच्या नाण्याचे दोन ठसे मधे चकती नसताना एकमेकांवर आदळले. ठशावर आलेले व्रण कामगाराने घासून काढले आणि त्या भरात नाण्यावरच्या रेड्याचा, म्हणजे खरे तर बायसनचा, पुढचा एक पायही काढला. हे तीन पायांचे रेडे आज चांगल्या किमतीला जातात. साहजिकच चार पायांच्या साध्या रेड्यांचा एक पाय कानशीने काढण्याचा उद्योग सुरू झाला. खरा तीन पायांचा रेडा ओळखायची खूण म्हणजे पोटाखालून जमिनीपर्यंत उतरणारी उंच ठिपक्यांची एक धार. संग्राहक तिचे वर्णन ज्या शब्दांत करतात ते छापण्यासारखे नाही. कानशीच्या रेड्याला ती धार नसते आणि पायाच्या जागी जमीन खणलेली असते.

जोडछाप ही याहून नाजूक बाब. ठसा तयार करताना त्याच्यावरच आकृती दोनदा, जराशी सरकून उमटली तर प्रत्येक नाण्यावर प्रत्येक अक्षर दुहेरी येते आणि दोन्ही अक्षरे गोलसर, भरदार असतात. अमेरिकेचा 1955 चा सेंट यासाठी प्रसिद्ध आहे; तिथे साल चष्मा न लावताही दोनदा दिसते. याउलट ठोका पडून ठसा उचलताना थरथरला तर अक्षराच्या अंगाला एक चपटी पायरी येते, जणू अक्षराने आपलीच सावली चिरडली. ही थरथर कारखान्याच्या आतलीच असली तरी बाजारात तिला कुणी विचारत नाही. या विषयावर भिंगे घेऊन बसलेले दोन जाणकार एकमेकांशी कधीही सहमत होत नाहीत, म्हणून इथून पुढे गेलेले बरे.

ठशांच्या जोड्या चुकण्याचे प्रकरण वेगळे. ब्रिटनने 2008 मध्ये वीस पेन्सच्या नाण्याची नक्षी बदलली. पूर्वी साल काट्याच्या बाजूला असे, नव्या नक्षीत ते राणीच्या बाजूला नेले. मग वेल्समधल्या रॉयल मिंटमध्ये जुनी राणी आणि नवा काटा यांची गाठ पडली, दोन्ही बाजूंना वाटले की साल दुसरी आणणार आहे, आणि हजारो नाणी सालाशिवाय बाहेर पडली. असे नाणे खरे की साल घासलेले, हे ठरवायला फार बुद्धी लागत नाही: राणीच्या भोवतीची अक्षरे जुन्या पद्धतीने मांडलेली असतात, आणि ती मांडणी कानशीने बदलता येत नाही.

ठोक्याच्या पायरीवरच्या चुका दिसायला सर्वांत नाट्यमय. चकती कड्यात नीट न बसता ठोका पडला तर छाप एका बाजूला सरकतो आणि दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर उरते. कडेच आडवे नसेल तर धातू चहूकडे पसरतो आणि नाणे मोठे, पातळ, बिनरेघांचे होते. कधी आधीचे नाणे ठशालाच चिकटून बसते आणि पुढच्या चकतीवर त्याच्या चेहऱ्याचा खोलगट, आरशातला छाप उमटतो. याला ‘ब्रॉकेज’ म्हणतात: एका बाजूला सिंह उंच, दुसऱ्या बाजूला तोच सिंह आत गेलेला आणि उलटा. वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये दोन नाणी आवळूनही उलटा छाप मिळतो, पण त्याच्याखाली त्या बाजूची मूळ नक्षी चेंगरलेल्या अवस्थेत जिवंत असते. खऱ्या ब्रॉकेजमध्ये तिथे दुसरी नक्षी कधी नव्हतीच.

फाटकाबाहेर पडल्यावर नाण्याचा छळ करण्याचे मार्ग मात्र अगणित आहेत आणि त्यांत दर पिढी भर घालते. आगगाडीचा रूळ हा सर्वांत जुना. रुळावर ठेवलेल्या नाण्याचे गाडी गेल्यावर लोहचुंबक होते, हे शास्त्र रुळाकाठी वाढलेल्या मुलांनी कित्येक वर्षे पुढे चालवले. ॲल्युमिनियमच्या पाकळीदार दहा पैशाचे लोहचुंबक करायला एक गाडी काय, सगळे वेळापत्रक वरून गेले तरी पुरणार नाही. पण नाणे पातळ, लांबट आणि गुळगुळीत होते, नक्षी पुसट पसरते आणि ते ‘पसरट ठोक्याचे’ म्हणून तीस वर्षांनी बाहेर येते. टांकसाळीतला पसरट ठोका नक्षी शाबूत ठेवून फक्त कड पसरवतो. गाडी काहीच शाबूत ठेवत नाही. (रुळावर वस्तू ठेवणे गुन्हा आहे, हे मुलांना तेव्हाही माहीत होते.)

खरे चुंबकत्व वेगळ्या जागी असते. 1992 पासूनचा पोलादी रुपया लोहचुंबकाला चिकटतो, जुना निकेल-तांब्याचा चिकटत नाही. ‘माझा रुपया चुंबकाला चिकटतो, म्हणजे चुकीच्या धातूचा’ असा दावा यातूनच निघतो. नदीघाटावर दोरीला लोहचुंबक बांधून भाविकांचे रुपये वर काढणाऱ्या पोरांना हे धातुशास्त्र कुणी शिकवलेले नाही, पण त्यांची यात चूक झाल्याचे ऐकिवात नाही.

देवघर हे दुसरे केंद्र. कलशात सुपारीशेजारी वर्षभर पाण्यात बसलेले नाणे, हळदकुंकवाचा थर, वर चिंचेची घासणी. निकेल-पितळेच्या पाच रुपयांत तांबे 75, जस्त 20 आणि निकेल 5 टक्के असते. आंबट पदार्थ जस्ताला आधी पळवतो आणि पृष्ठभागावर तांब्याची लाली येते. मग ‘पाचाचे नाणे चुकून तांब्याचे पडले’ असे घरात जाहीर होते. तांब्याच्या चकतीचे वजन वेगळे भरेल, हे काट्याला कळते. घराला कळवून घ्यायचे नसते. कडी लावण्यासाठी दिलेल्या डाखाचा गाठोळा कडेला राहिला तर तो ठशाचा तुकडा उडाल्याचा टेंगूळ म्हणून दाखवला जातो. पण डाख नाण्याच्या धातूवर बसलेला असतो, टेंगूळ त्या धातूचाच असतो, आणि डाखाचा रंग बहुधा आधीच कबुली देतो. वॉशिंग मशीनच्या डगमगत्या पायाखाली दबलेल्या, बॅटरीचे झाकण उघडायला वापरलेल्या आणि डांबरी रस्त्यात रुतून गेलेल्या नाण्यांचे व्रण कोणत्या पद्धतीने पडले हे सांगता येत नाही आणि सांगायची गरजही नसते.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याने घरगुती कारागिरांना नवे क्षेत्र दिले. आतला गोळा ठोकून बाहेर काढायचा, उलटा बसवायचा आणि ‘उलट्या गाभ्याचे’ म्हणून दाखवायचे. कडे आणि गोळा यांची गाठ ठोक्याच्या दाबाने बसते. ती एकदा सुटली की पुन्हा तशी बसत नाही. नाणे हलवले तर खुळखुळते, सांध्यात हातोडीचे चट्टे दिसतात. गोळाच नसलेले कडे मात्र टांकसाळीतूनही येऊ शकते, फक्त मग ठोका पडताना कड्याचा धातू मोकळ्या भोकाकडे सरकतो आणि भोक लहान व वेडेवाकडे होते. स्वच्छ, गोल भोक म्हणजे गोळा नंतर गेला.

दोन्हीकडे छापच असलेले नाणे ही या शास्त्राची सर्वांत लोकप्रिय शाखा, आणि तिचे श्रेय 1975 च्या ‘शोले’मधल्या जयला द्यावे लागेल. पडद्यावर जे जमले ते टांकसाळीत सहसा जमत नाही, कारण वरचा आणि खालचा ठसा यंत्रात एकमेकांच्या जागी बसू नयेत असेच बहुधा बनवलेले असतात. बाजारातली दोनछापी नाणी जादूगारांच्या सामानातून येतात: एक नाणे आतून कोरून वाटी करायची, दुसरे कडेने उतरवून तिच्यात बसवायचे. कडेच्या आतल्या अंगाने फिरणारी केसाएवढी रेघ भिंगाखाली दिसते. भिंग नसेल तर ते फरशीवर टाकावे. एकसंध नाणे खणखणते, हे नाणे ‘थप्’ म्हणते.

किमतीबद्दल बोलायचे तर वरच्या सगळ्या खऱ्या चुकांपैकी बहुतेकांना काही शे रुपयांच्या आतबाहेर भाव असतो, आणि तोही गिऱ्हाईक समोर बसलेले असताना. लाखांचे आकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत राहतात. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपये त्यांतले नेहमीचे. त्यावर ना चूक ना नुकसान, ते नुसते स्मारक नाणे आहे. अशा नाण्यांचे लाखो देतो म्हणणारा आधी नोंदणी, कमिशन किंवा कर मागतो आणि पत्रावर रिझर्व्ह बँकेचे नाव लावतो. 4 ऑगस्ट 2021 रोजी बँकेने निवेदन काढून सांगितले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कमिशनही मागत नाही.

तपासणीला लागणारी सामग्री थोडकी: दहापटीचे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, लोहचुंबक आणि त्याच साली, त्याच टांकसाळीत पडलेले एक साधे नाणे, शेजारी ठेवून पाहायला. हे शेवटचे बहुतेकांकडे नसते, कारण साधी नाणी केव्हाच खर्च झालेली असतात. नाणे कडेने धरावे आणि जसे सापडले तसेच ठेवावे. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावले की पृष्ठभागावर बारीक, खोल ओरखडे येतात, आणि ते फाटकाबाहेरचे असल्याने टांकसाळीची अस्सल चूकही त्या क्षणी ‘डॅमेज’च्या थैलीत जाते. विकायला आणलेल्या चांगल्या एरर नाण्यांपैकी बरीच याच थैलीतून येतात, आणि ती लखलखीत असतात.